नंतर कोण सांभाळणार?

मिरजेतल्या एका तंतुवाद्य कारागिराला दुकानासाठी वेबसाइट हवी आहे. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत. तंबोरे आणि सतारींचे फोटो, प्रत्येक वाद्याचा आवाज ऐकायची सोय आणि परगावच्या, परदेशच्या गिऱ्हाइकांना चौकशीसाठी एक फॉर्म. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचीही नोंद हवी. काम आलं आहे सांगलीत एकटीनं वेबसाइटी करणाऱ्या मावशीकडे. तिचा भाचा पुण्याच्या एका कंपनीत फ्रंट-एंड डेव्हलपर होता. नोकरी सोडून त्यानं फ्रीलान्सिंग करायचं ठरवलं आहे. काम दोघांनी मिळून करायचं, एवढं पक्कं. कोटेशन लिहायला बसल्यावर मात्र थीमवरून वाद निघाला आणि तो पैशांपर्यंत गेला.

भाचा : मावशी, हे काम तयार थीमवर नको. जो माणूस जवारी, म्हणजे घोडीवर तारेचा झंकार, स्वतःच्या हातानं लावतो, त्याला पन्नास-साठ डॉलरची बाजारातली थीम चिकटवायची?

मावशी : जवारी तो हातानं लावतो, तारा विकत आणतो. हातानं काय करायचं आणि विकत काय घ्यायचं, एवढाच प्रश्न आहे. आणि बाजारातली थीम घ्या असं मी म्हणतच नाही. वर्डप्रेसबरोबर बहुतेक दरवर्षी एक साधी थीम फुकट येते. ती घ्यायची, तिची चाइल्ड थीम करायची, रंग आणि फाँट बदलायचे. मूळ थीम अपडेट झाली तरी आपले बदल पुसले जात नाहीत. काम लवकर होतं.

भाचा : आणि ती साइट लाखो साइटींसारखी दिसते.

मावशी : दिसू दे. गिऱ्हाईक त्या लाखो साइटी शेजारी मांडून बघत नाही. त्याला तंबोरा बघायचा असतो.

भाचा : तोच नीट दिसत नाही! तयार थीमनं मजकूर आधीच गृहीत धरलेला असतो. वर आडवा मोठा फोटो, खाली तीन चौकटी, प्रत्येकीत चौकोनी चित्र. तंबोरा उभा, लांबलचक. फोटो चौकोनात कापला की एक तर भोपळा उरतो, नाही तर खुंट्या. मग आपण सीएसएस लिहून चौकट बदलणार, मोबाइलवर पुन्हा बदलणार, आणि शेवटी निम्मं सीएसएस दुसऱ्या निम्म्याला गप्प करण्यासाठी लिहिलेलं असणार. त्यापेक्षा वाद्य समोर ठेवून त्याच्या मापानं पान आखू.

मावशी : फोटोचं तुझं बरोबर. पान मजकुरावरून आखावं, थीमच्या डेमोवरून नव्हे, हे मलाही मान्य. डेमोत सुंदर फोटो असतात, आपल्या गिऱ्हाइकाकडे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काढलेले असतात. पण तू कोरी पाटी घेऊन बसशील, आणि मला भीती नंतरची आहे. २०१५ च्या डिसेंबरात पीएचपीची सातवी आवृत्ती आली. डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शनं तिच्यातून काढून टाकली होती. होस्टिंगवाले सर्व्हर बदलत गेले, तशा ती फंक्शनं वापरून हातानं लिहिलेल्या साइटी एकेक करून पडत गेल्या. मालक लिहिणाऱ्याला शोधतोय आणि लिहिणारा केव्हाच बंगळूरला नोकरीला गेलेला. वर्डप्रेसनं नव्या पद्धतीची सोय २०१४ मध्येच, ३.९ आवृत्तीत करून ठेवली होती. ज्यांनी अपडेट केलं होतं त्यांना कळलंसुद्धा नाही.

भाचा : मग मीही दोन सालं सांगतो. २०११ मध्ये टिमथम्ब. फोटो लहान करून देणारी एवढीशी स्क्रिप्ट, पण विकाऊ थीममध्ये सर्रास आत घालून दिलेली. तिच्यात भगदाड सापडलं, साइटी हॅक झाल्या, आणि आपल्या थीममध्ये असलं काही आहे हे मालकांच्या गावीही नव्हतं. २०१४ मध्ये स्लायडर रेव्होल्यूशन या प्लगइनची तीच गत. बनवणाऱ्यांनी दुरुस्ती केली होती, पण थीमच्या पोटात बसलेल्या प्रतींपर्यंत ती पोचत नव्हती. तयार माल घेताना आत काय काय येतं, हे कुणी उघडून बघत नाही.

मावशी : म्हणून तर बाजारातल्या थीमला माझा नकार आहे. चाळीस डेमो, दोन स्लायडर, एक पेज बिल्डर, आणि वापरायची असतात चार पानं. त्याहून वाईट म्हणजे फुकटात मिळणाऱ्या पळवलेल्या थीम. मूळ पैशाची थीम, कुणीतरी कुलूप तोडून वाटलेली, आणि वाटणारा आत आपलं काहीतरी ठेवून देतो. त्या वाटेला कधी जाऊ नकोस, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

भाचा : पेज बिल्डरचं तर मला हसू येतं. शॉर्टकोडवर चालणारा बिल्डर बंद केला की पानावर मजकुराऐवजी कंसांचं जंगल उरतं. मजकूर मालकाचा, पण बिल्डरशिवाय तो वाचता येत नाही.

मावशी : माझी कसोटी साधी आहे. उद्या थीम बदलली तर काय हरवेल? रंग, मांडणी, फाँट हरवले तर चालेल. ते थीमचंच काम. पण वाद्यांची यादी, किंमत, आवाजाची फाइल हरवली तर धंदा हरवला. म्हणून 'वाद्य' हा मजकुराचा वेगळा प्रकार नोंदवायचा तो प्लगइनमध्ये, थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये नाही. किती जण नेमकं उलटं करतात. थीम बदलली की सगळी वाद्यं डॅशबोर्डावरून गायब. डेटाबेसमध्ये असतात, पण मालकाला कोण सांगणार?

भाचा : इथं आपलं एकमत. मग आता माझं ऐक. तू ज्या काळात शिकलीस, तेव्हा हातची थीम म्हणजे डोंगर होता.

मावशी : होताच. वर्डप्रेसमध्ये थीमची सोयच २००५ मध्ये आली, १.५ आवृत्तीत. तिच्याबरोबर कुब्रिक नावाची निळ्या डोक्याची थीम होती आणि निम्मं जग तीच लावून बसलं होतं. २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनचा लेख लिहिला आणि ठरावीक रुंदीची आमची सगळी पानं एका झटक्यात जुनी झाली. २०१८ च्या डिसेंबरात ब्लॉक एडिटर आला, पुन्हा नव्यानं शिका. दर वेळी एक गोष्ट बघितली : जी थीम वर्डप्रेसच्या स्वतःच्या वाटेनं चालली, तिला बदल सोपा गेला. जिनं स्वतःची आडवाट काढली होती, ती अडकली.

भाचा : मग वर्डप्रेसची आजची वाट हातच्या थीमकडेच जाते की! २०२२ च्या जानेवारीत ५.९ आवृत्तीपासून सगळी थीम ब्लॉकची करता येते. चालू थीमला किमान किती लागतं? एक स्टाइल फाइल आणि टेम्प्लेट्सच्या फोल्डरमध्ये एक इंडेक्स फाइल. रंग, अक्षरांचे आकार, मधली अंतरं थीम डॉट जेसन या एकाच फाइलमध्ये लिहायची. तिथं पाच रंग ठरवून दिले, वर्डप्रेसचे मूळ रंग आणि मनचा रंग निवडायची सोय बंद केली, की मालकाला एडिटरमध्ये तेवढेच पाच दिसतात. पोपटी मथळा आणि गुलाबी बटण करता येत नाही. वाद्याच्या पानाचा एक पॅटर्न करून ठेवला की नवं वाद्य चढवताना तो नुसता निवडायचा. ही कोरी पाटी नाही. ही छोटी, वर्डप्रेसच्याच भाषेत लिहिलेली थीम आहे. तुझ्या चाइल्ड थीमपेक्षा ओळी कमीच भरतील.

मावशी : आणि ती तिसऱ्या माणसाला वाचता येईल?

भाचा : वर्डप्रेस येणाऱ्या कुणालाही.

मावशी : मग निम्मा वाद मिटला. माझी अट तेवढीच होती. पण मला सांग, हातचं लिहून तुला नेमकं मिळणार काय? नुसतं 'माझं आहे' एवढ्यासाठी गिऱ्हाइकाचे पैसे नकोत घालवायला.

भाचा : मराठी मिळणार. बाहेर बनलेली बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनते. मथळे मोठ्या अक्षरांत आणि अक्षरांमध्ये अंतर. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीतच, त्यामुळे पहिला नियम वाया जातो. दुसरा मात्र लागू होतो आणि शिरोरेघ तुटते. 'तंबोरा' हा शब्द तीन तुकड्यांत लोंबकळतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या बेतानं कमी ठेवलेलं, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींना भिडतात. मराठीला अक्षराच्या आकाराच्या पावणेदोन पट तरी ओळ हवी. आणि मराठीचा 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. काही फाँटांत ती मराठी वळणं आत असतात, पण पानाच्या भाषेची नोंद मराठी केली तरच बाहेर येतात. अर्ध्याहून जास्त मराठी साइटींवर... नाही, आकडा माझ्याकडे नाही. पण मी बघितलेल्या कितीतरी साइटींवर मजकूर मराठी आणि नोंद इंग्रजीची.

मावशी : त्या नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. दिसत नाही म्हणून स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला मराठी मजकूर इंग्रजीच्या उच्चारानं ऐकावा लागत नाही. पुढे?

भाचा : पुढे 'कऱ्हाड'. आपल्या शेजारचं गाव, पण त्यातला तो पापणीसारखा र कितीतरी ठिकाणी 'र्हा' होऊन डोक्यावर चढतो. फाँट निवडायच्या आधी मी 'कऱ्हाड', 'दऱ्या', 'तऱ्हा', 'हृदय', 'ज्ञान', 'उत्कृष्ट' एवढे शब्द टाकून बघतो. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता मजकुराला चांगला आणि खुल्या परवान्याचा. मथळ्याला टिरो देवनागरी मराठी घेता येईल. तो मराठी वळणांसाठीच केलेला आहे. दोनच जाडी घ्यायच्या. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल रोमनपेक्षा जड असते. सहा जाडी लावल्या की मोबाइलवर पान अडखळतं.

मावशी : हे सगळं पटलं. आता माझ्याकडून एक घे. मजकूर येणार तो श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलेला. दुकानाचं माहितीपत्रक छापखान्यात झालंय, तिथलीच फाइल ते देणार. आपल्या पानावर ती चिकटवली की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ती युनिकोडमध्ये आणायची, मग ओळ न् ओळ वाचायची, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. हे काम कोटेशनमध्ये वेगळं लिहायचं. 'मजकूर तुमचा' एवढंच लिहिलं, की ते रात्री जागून तुलाच करावं लागतं.

भाचा : वेग आणि वाचनीयतेचे आकडेही कोटेशनमध्ये घालतो. गूगलच्या कसोटीप्रमाणे पानावरचा सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा आणि पान उघडताना मजकुरानं उड्या मारू नयेत, म्हणजे ते माप ०.१ च्या आत राहावं. मजकूर आणि पार्श्वभूमीचा रंगभेद किमान ४.५ ला १.

मावशी : आकडे अंतर्गत ठेव, आपल्यापुरते. त्यांना एवढंच लिही की साध्या मोबाइलवर, साध्या नेटवर साइट चटकन उघडेल आणि सत्तरीच्या माणसाला वाचता येईल. २०० मिलिसेकंद वाचून त्यांना वाटेल आपण काहीतरी लपवतोय.

भाचा : मला उलट वाटतं. आकडा लिहिला की तपासता येतो. 'चटकन' म्हणजे किती यावर पुढे भांडण होतं.

मावशी : बरं, दोन्ही लिही. पण ते आकडे पहिल्या दिवशी गाठशील. सहा महिन्यांनी काय? कारागिराचा मुलगा मोबाइलवरून पाच एमबीचे फोटो चढवणार. वर्डप्रेस ५.३ पासून मोठा फोटो २५६० पिक्सेलपर्यंत आपोआप लहान करतं, पण वाद्याच्या यादीतल्या छोट्या चौकटीला तोही जडच. आपण योग्य आकार थीममध्येच ठरवून द्यायचे. आवाजाच्या फाइली पान उघडताच उतरता कामा नयेत, बटण दाबल्यावरच. आणि आपोआप वाजणं तर नकोच. ऑफिसात साइट उघडली आणि तंबोरा सुरू झाला तर माणूस पान बंद करतो.

भाचा : हे लिहून घेतलं. आता मालकीचं बोलू. थीम मी लिहिली तर ती माझी ना? उद्या त्यांनी उचलून दुसऱ्या दुकानाला दिली तर?

मावशी : देऊ दे की. वर्डप्रेस जीपीएल परवान्याखाली आहे. थीमचा पीएचपी भाग वर्डप्रेसवर बेतलेला म्हणून तोही त्याच परवान्याखाली येतो, अशी वर्डप्रेसची भूमिका आहे. जीपीएल म्हणजे फुकट वाटा असं नाही. पैसे घेऊन विकता येतं. पण ज्याला दिलं त्याला ते बदलायचा आणि पुढे द्यायचा हक्क मिळतो. तंबोऱ्याच्या मापानं केलेली थीम कापडदुकानाला घेऊन तो करणार काय?

भाचा : पण आपला कायदा फ्रीलान्सरच्या बाजूचा आहे, हे तरी मान्य कर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. बाहेरून करून दिलेल्या कोडचा पहिला हक्क मात्र लिहिणाऱ्याचा. हस्तांतर लेखीच लागतं. कागदावर मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

मावशी : म्हणजे नुसतं 'सर्व हक्क ग्राहकाला' असं लिहिलं, तर पाच वर्षांनी आणि भारताबाहेर त्यांच्या हातात काय राहिलं याचा घोळ. हे दुकान तर परदेशात विकणार आहे. म्हणून आपणच नीट लिहून देऊ : कायमचे, जगभर. कायद्यातली पळवाट आपल्या बाजूची आहे म्हणून ती उघडी ठेवायची नसते. आणि फोटोंचं उलट आहे हेही लक्षात ठेव. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा.

भाचा : डोमेन?

मावशी : त्यांच्या नावावर, त्यांच्या ईमेलवर, त्यांच्या कार्डानं. आपण शेजारी बसून फॉर्म भरून द्यायचा, एवढंच. आपल्या धंद्यातली सगळ्यात घाणेरडी सवय ही, की डोमेन स्वतःच्या खात्यात ठेवायचं आणि गिऱ्हाईक दुसरीकडे निघालं की फोन उचलायचा नाही. वर्डप्रेसच्या ॲडमिनचा ईमेलही असा हवा, जो कुणीतरी वाचतं. ५.२ आवृत्तीपासून साइट मोडली तर त्या पत्त्यावर दुरुस्तीची लिंक जाते. ती आपल्या जुन्या, बंद पडलेल्या मेलवर गेली तर काय उपयोग?

भाचा : थांब, मावशी. डोमेन त्यांचं. कोड त्यांचा. मजकूर प्लगइनमध्ये सुरक्षित. थीम अशी की वर्डप्रेस येणारा कुणीही सांभाळेल. मग तुझ्याकडे काय राहिलं?

मावशी : बिल.

भाचा : हसू नको. पुण्यात सगळे मला सांगतात की फ्रीलान्सरनं असं काहीतरी करावं जे दुसऱ्याला जमणार नाही. तू तर स्वतःला बदलता येईल अशी व्यवस्था करतेस. गल्लीतला पोरगा पाच हजारांत साइट देतो. तुझी साइट त्यालाही सांभाळता येत असेल, तर तुझा दर पडणारच.

मावशी : तो पाच हजारांत साइट करून देतो, सांभाळत नाही, सांभाळली तर पाच हजारांत परवडणार नाही. माझ्याकडे नवी कामं कुठून येतात माहीत आहे? दुसऱ्यानं केलेली, अडकलेली साइट सोडवायला लोक येतात. अडकवणाऱ्याकडे त्यांना परत जायचं नसतं. सुटता येत असूनही जो थांबतो, त्याच्याशी दरावरून फार घासाघीस होत नाही, कारण तो अडकलोय म्हणून रागात नसतो.

भाचा : हे सांगलीत चालतं. इथं लोक तुला ओळखतात. मला अनोळखी माणसाला दर सांगायचाय.

मावशी : सांग मग, कसा काढतोस दर?

भाचा : वर्षाला घरखर्चाला आणि बचतीला सहा लाख हवेत असं धर. लॅपटॉप, इंटरनेट, विमा, सॉफ्टवेअर, सीएची फी मिळून एक लाख वीस हजार. एकूण सात लाख वीस हजार. वर्षाचे ५२ आठवडे. सण, आजारपण, रिकामे दिवस वगळून ४४ धरले. आठवड्याला ज्यांचं बिल लावता येतं असे तास वीसच. बाकीचे फोन, कोटेशनं, शिकणं आणि उधारी मागण्यात जातात. म्हणजे ८८० तास. तासाला साधारण ८२० रुपये, तेही कर धरायच्या आधी. त्याच्या खाली गेलो तर मी स्वतःच्या खिशातून साइट करून देतोय.

मावशी : हिशेब चांगला आहे, भिंतीवर लावून ठेव. पण तो गिऱ्हाइकाला दाखवू नकोस. तासाचा दर सांगितला की तो घड्याळ बघतो. आणि तू हुशार झालास, दहा तासांचं काम चार तासांत करायला लागलास, की तुझंच उत्पन्न कमी. हुशारीची शिक्षा.

भाचा : आणि ठोक रक्कम म्हणजे त्यांच्या चंचलपणाची शिक्षा मला. 'एवढंच एक बदला', 'भावजींना निळा आवडतो', 'काल पाठवलेला फोटो काढा'. ठोक रकमेला तळ नसतो.

मावशी : तळ आपण बांधायचा. काय काय करणार ते मोजून लिहायचं : पानं किती, वाद्यं किती चढवून देणार, बदलांच्या फेऱ्या दोन, मजकूर कुठल्या तारखेपर्यंत द्यायचा, बदल सांगणारा माणूस एकच. त्यापलीकडे गेलं की तुझा तासाचा दर. बांधायचं काम ठोक, वाढीव काम तासानं. हप्ते तीन : सुरुवातीला ४० टक्के, डिझाइन मान्य झाल्यावर ३०, आणि शेवटचे ३० साइट चालू व्हायच्या आधी. आधी, लक्षात ठेव. साइट चालू झाली की त्यांची घाई संपते आणि आपली सुरू होते.

भाचा : आणि तरीही अडवले तर? माझ्या ओळखीच्या मुलांचे पैसे महिनोन् महिने अडकतात.

मावशी : उद्यम नोंदणी कर, ऑनलाइन आणि मोफत आहे, आणि तो क्रमांक बिलावर छाप. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. मी कुणाला व्याज लावायला जात नाही. सांगलीत राहायचंय मला. पण आता प्राप्तिकरातही तरतूद आहे : मुदत उलटली तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत देणाऱ्याला तो खर्च वजा करता येत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक दिसला की मार्च जवळ आल्यावर त्यांचा अकाउंटंटच मालकाच्या मागे लागतो.

भाचा : जीएसटी?

मावशी : सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी. परदेशी गिऱ्हाइकाचं काम म्हणजे निर्यात, त्यावर कर शून्य. पण ते २० लाख मोजताना ती रक्कमही धरतात, तिथं पोरं फसतात. नोंदणी झाली की कर न भरता निर्यात करण्यासाठी दरवर्षी हमीपत्र, एलयूटी, भरायचं. परदेशातून पैसे आले की बँकेकडून त्याचा दाखला घेऊन ठेव. इथल्या कंपन्या फीमधून टीडीएस कापतील, व्यावसायिक सेवा धरली तर १० टक्के, तांत्रिक धरली तर २. कापलेले तुझ्या पॅनवर जमा झाले का, ते तिमाहीला बघ. बाकी सीएला विचार; त्याची फी तू खर्चात धरलीच आहेस.

भाचा : मग कोटेशनचा शेवटचा मुद्दा. देखभालीचा वार्षिक करार. अपडेट, बॅकअप, सुरक्षा, महिन्याला दोन छोटे बदल. हा मी सक्तीचा लिहितो. जो घेणार नाही त्याचं काम नको. साइट कुजली की नाव आपलंच खराब होतं.

मावशी : ऐच्छिक लिही.

भाचा : का? तूच म्हणालीस, सांभाळणं महत्त्वाचं.

मावशी : म्हणूनच. सक्तीचा केलास तर त्याचा अर्थ आपल्याशिवाय ती चालत नाही. मग एवढा वेळ आपण डोमेन, कोड, प्लगइन, हस्तांतर कशाला बोललो? आणि माझ्याकडे शाळा येतात, छोट्या पतसंस्था येतात. त्यांना वर्षाचे दहा हजार जड जातात. म्हणून त्यांना साइटच द्यायची नाही?

भाचा : नाही द्यायची. किंवा एका पानाची द्यायची, जिला सांभाळावं लागत नाही; साधं एचटीएमएल, ना डेटाबेस ना लॉगिन. परवडत नाही म्हणून अपडेट न केलेली वर्डप्रेस साइट देणं हा उपकार नाही. ती हॅक झाली की पालकांचे फोन नंबर जातात.

मावशी : एका पानाचं सुचवलंस ते बरं आहे. ज्यांना पेलत नाही त्यांना तेच देऊ. पण ज्याला पेलतं आणि तरी नको म्हणतो, त्याच्यावर मी सक्ती करणार नाही. या कारागिराचा मुलगा हुशार आहे. कदाचित तो स्वतः करेल.

भाचा : मग करार नाकारला तर जबाबदारीही त्यांनी लेखी घ्यायची. अपडेट कोण करणार, बॅकअप कुठे ठेवणार, साइट पडली तर दुरुस्तीचा तासाचा दर काय. यातलं एकही कलम मी गाळणार नाही.

मावशी : गाळू नकोस. फक्त ते मराठीत लिही. इंग्रजी अटींवर लोक न वाचताच सही करतात.